ठेव ठेवावी ती कशासाठी?

(ज्ञातिसंघाच्या धाराशिव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या कार्यकारी मंडळाने यंदा गृहस्थाच्या गुंतवणुकीविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच कळविला होता. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे, की कोणा पेढीवर बसणारेही नव्हे. पस्तीस वर्षे शाळेत अंकगणित शिकविले. चक्रवाढ व्याजाची उदाहरणे फळ्यावर बिनचूक सोडवून दाखविली आणि तीच उदाहरणे स्वतःच्या संसारात चुकविली, एवढाच काय तो आमचा अधिकार. परंतु चिटणीस म्हणाले की, ज्याचे गणित चुकले त्याचेच ऐकावयास मंडळी अधिक उत्सुक असतात. ते खरे असावे, कारण आज मंडप बरा भरलेला दिसतो.

काटकसर करा, चार पैसे मागे टाका, असा उपदेश आम्ही करणार नाही. आपल्या ज्ञातीत त्याची गरज नाही. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या या जिल्ह्यातील माणसाला शिल्लक टाकण्याचे शिक्षण आईच्या मांडीवरच मिळते. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मागे टाकलेला पैसा कशासाठी, हे आपण एकदा मनाशी ठरवितो. परंतु ठरविल्यानंतर दहा-वीस वर्षांत घर बदलते, मुले बदलतात, सरकारचे नियम बदलतात, आणि आपला तो हेतू मात्र जुन्या वहीत जसाच्या तसा पडून राहतो. त्याकडे पुन्हा पाहावयाचे की नाही?

आमच्या आजोबांपासून आरंभ करू. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे ज्येष्ठांना सांगणे नलगे. तरुणांनी मात्र ध्यानात घ्यावे की, त्या राज्याचे नाणेही निराळे होते. चारमिनारचे चित्र असलेला तो हाली रुपया. पलीकडे बार्शी इंग्रजी मुलखात, तेथे कलदार चाले. सहा कलदारांस सात हाली असा भाव होता; शंभर कलदार रुपयांचे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै होत. आमच्या आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी सातशे हाली साठविले होते, कारण मनात योजलेले स्थळ लातूरकडचे होते आणि लातूरही निजामाच्याच मुलखात असल्याने तेथील सारा व्यवहार हालीत. पुढे ते स्थळ मोडले व बार्शीचे जमले. देणेघेणे, कापडचोपड, दागिना, सर्व कलदारात ठरले. आजोबांना भाव तोंडपाठ होता, बाजारास ते बार्शीलाच जात. तरीही वहीत सातशेचा आकडा पाहून ते निश्चिंत राहिले. लग्न पंधरा दिवसांवर आले, तेव्हा कोणीतरी भागाकार केला आणि सातशेचे सहाशेच भरले. उरलेल्या शंभरासाठी दावणीची गाय गेली. पुढे १९५० मध्ये हिंदी रुपया येथे आला, आणि हाली नाणे १९५९ मध्ये व्यवहारातून कायमचे रद्द झाले.

ही गोष्ट सांगून आमचे वडील हसत असत. आम्हीही हसत असू. परंतु आपण सर्वजण आजही तेच करीत आहोत, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. वीस वर्षांनंतरचा खर्च आपण आजच्या रुपयांत मांडतो. वस्तुतः तो खर्च वीस वर्षांनंतरच्या रुपयांत द्यावयाचा असतो, आणि ते नाणे निराळे. महागाई दरसाल सहा टक्के धरली, तर आज लाखात होणारे कार्य बारा वर्षांनी दोन लाखांत होते. बहात्तरास व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते अदमासे निघते. ही युक्ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दिलेली आहे. आमच्या विद्यार्थ्यांना ती आम्ही व्याजासाठी शिकविली, महागाईसाठी शिकविली नाही.

वडिलांची रीत याहून चांगली होती. त्यांनी घरावर माडी चढविण्यासाठी पैसा साठविला होता. १९७२ चा दुष्काळ आला. लोक खडी फोडावयास गेले, परदेशातून आलेला तांबडा मिलो शिजवून खाल्ला, सुकडीवर मुले जगली. वडिलांनी माडीचा पैसा कडब्याला आणि धान्याला लावला. त्यांची ती वही आमच्यापाशी आहे. तीत 'माडी' या शब्दावर एक सरळ रेघ असून शेजारी 'दुष्काळ, सन ७२' एवढेच लिहिले आहे. खंत नाही, टीप नाही. माडी पुढे कधीच झाली नाही आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही. अशी रेघ मारावयास मोठे धैर्य लागते, हे आम्हांस तेव्हा कळले नाही.

आता आमची स्वतःची हकीकत. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो, परंतु तीच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

आम्हांस १९८६ मध्ये कन्या झाली. १९८८ च्या एप्रिलात सरकारने किसान विकास पत्रे काढली. साडेपाच वर्षांत दामदुप्पट! (जाता जाता सांगतो: दामदुप्पट हा आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील ऋणकोच्या रक्षणाचा नियम आहे. व्याज मुद्दलाहून अधिक मागू नये, असा त्याचा अर्थ. ज्या शब्दाने सावकाराला आवरले, तोच शब्द आज भोळ्या लोकांना जाळ्यात ओढण्यासाठी वापरला जातो. पोस्टाची गोष्ट निराळी. पण दुसऱ्या कोणी हा शब्द उच्चारला, तर पादत्राणे घालून निघावे.) त्या वर्षी दसऱ्यास आम्ही पाच हजारांची पत्रे घेतली आणि वहीच्या नव्या पानावर शाईने मथळा घातला, 'कन्याविवाह'. खाली गणित मांडले: साडेपाच वर्षांत दहा हजार, अकरा वर्षांत वीस, साडेसोळा वर्षांत चाळीस, बावीस वर्षांत ऐंशी हजार. सन २०१०. त्याखाली दुहेरी रेघ. पुढे दरवर्षी ऐपतीप्रमाणे त्यात भर घालीत गेलो.

या गणितात दोन चुका होत्या, आणि दोन्ही आमच्या फळ्यावर एखाद्या विद्यार्थ्याने केल्या असत्या, तर आम्ही त्यास बाकावर उभे केले असते. पहिली अशी की, व्याजाचा दर बावीस वर्षे तोच राहील हे आम्ही गृहीत धरले. तो राहिला नाही. दुप्पट होण्याची मुदत वाढत गेली. २०११ च्या नोव्हेंबरात ती पत्रेच बंद झाली, २०१४ च्या नोव्हेंबरात पुन्हा निघाली, आणि २०२३ च्या एप्रिलापासून दुपटीस ११५ महिने ठरले. दुसरी चूक आजोबांची. महागाई सात टक्के धरली, तर २०१० चे ऐंशी हजार म्हणजे १९८८ चे केवळ अठरा हजार. ज्या आकड्याखाली आम्ही दुहेरी रेघ मारली, तो हाली आकडा होता.

परंतु या झाल्या अंकांच्या चुका. त्या सुधारता येतात. तिसरी चूक मथळ्यात होती.

कन्या २००४ मध्ये बारावी झाली. गुण चांगले पडले. तिला औषधनिर्माणशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीस जावयाचे होते. प्रवेशही मिळत होता, पण बाहेरगावी, म्हणजे फी, वसतिगृह, जेवण, सर्व आले. पोस्टात त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात रक्कम होती. सौभाग्यवतींनी सुचविले की, पत्रे मोडावी. आम्ही म्हणालो, "तो पैसा लग्नाचा आहे." पोस्टाचा नियम आड येत नव्हता. अडीच वर्षे झाल्यावर ती पत्रे मोडता येत असत, आणि आमच्या पत्रांना त्याहून कितीतरी अधिक काळ झाला होता. आड आला तो आमच्याच हातचा, शाईने लिहिलेला मथळा. कन्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गावातील महाविद्यालयात विज्ञान शाखेचा अर्ज भरून आली आणि पावती आमच्या वहीत ठेवून गेली.

तिचे लग्न २०११ मध्ये झाले. मंडळी समंजस निघाली. साखरपुड्यास जमलेल्या पाहुण्यांतच अक्षता टाकल्या, हुंडा नाही, मानपान नाही. तेवीस वर्षे ज्या कार्यासाठी पैसा राखला, त्या कार्यास त्यातील चौथा हिस्साही लागला नाही. आमच्या जावयांचे बार्शीस औषधांचे दुकान आहे. ते स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर. म्हणून नोंदणीकृत फार्मासिस्ट पगार देऊन ठेवावा लागतो. आमची कन्या रोज सायंकाळी दुकानात बसते. कोणते औषध कोठे आहे, कोणते कशावर चालते, हे तिला सर्व ठाऊक आहे. सहीचा अधिकार मात्र त्या पगारी माणसाचा. दर महिन्याच्या एक तारखेस तो पगार तिच्याच हातून दिला जातो. तिने आजवर आम्हांस एका शब्दाने दोष दिलेला नाही.

असो. यातून आम्ही जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रत्येक ठेवीपुढे 'कोणासाठी' आणि 'कोणत्या साली' हे दोन शब्द लिहावेच; बिनहेतूचा पैसा पहिल्या लग्नसराईत वाहून जातो. परंतु ते लिहिताना शिसपेन्सिल वापरावी, आणि वर्षातून एकदा ती वही काढून पती-पत्नीने शेजारी बसून वाचावी. व्यापारी मंडळी वहीपूजन करतात, त्यांस ही चाल नवी नाही. नोकरदारांस आणि शेतकऱ्यांस आम्ही गुढीपाडवा सुचवितो. पाडवा आणि ३१ मार्च हे बहुधा शेजारीच येतात, तेव्हा कराचे कागद तसेही बाहेर निघालेले असतात. पती-पत्नी असे आम्ही मुद्दाम म्हटले. २००४ मध्ये आमच्या घरात योग्य मत एकाच माणसाचे होते, आणि वही त्या माणसाच्या हाती नव्हती.

वर्षाच्या मधेही वही उघडावी लागते. घरात जन्म झाला, मृत्यू झाला, नोकरी लागली किंवा सुटली, आजारपण आले, वाटणी झाली, की पाडव्याची वाट पाहू नये.

साल लिहिण्याचे महत्त्व शेअर बाजाराच्या संबंधात विशेष आहे. आता आपल्याही तरुणांचा पैसा म्युच्युअल फंडात जातो. त्यास आमचा विरोध नाही, महागाईशी दीर्घकाळ झुंजावयाचे तर काही भाग तेथे असावा. परंतु २००८ च्या जानेवारीत मुंबईचा निर्देशांक २१,००० च्या वर होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ८,००० च्याही खाली उतरला होता. ज्यास पंधरा वर्षांनी पैसा हवा होता, त्याला ही केवळ बातमी होती. ज्याच्या मुलाची फी त्या दिवाळीत भरावयाची होती, त्याची झोप गेली. म्हणून हेतूचे साल जवळ आले, तीन-चार वर्षांवर आले, की तो पैसा टप्प्याटप्प्याने स्थिर ठिकाणी आणावा. हे कोणी दलाल आपणांस आठवण करून देणार नाही. तसेच, जे एकेकाळी स्थिर होते ते आजही स्थिर आहे काय, हेही पाहावे. १९६४ मध्ये निघालेली युनिट ट्रस्टची 'युनिट ६४' ही योजना निवृत्त शिक्षकांना पोस्टाइतकीच भरवशाची वाटे. मधल्या काळात तिचा बराच पैसा शेअर बाजारात गेला होता, परंतु धारकांनी तो पाहिला नव्हता. २००१ च्या जुलैत तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, तेव्हा तो दिसला.

बँकांविषयी एकच सांगतो. ठेवींचा विमा १९६२ मध्ये सुरू झाला तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाखांची झाली. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच शहरातील वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांस विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे त्या वेळी जाहीर झाले. ते मोठेच समाधान. परंतु उरलेल्या एका टक्क्यात कोण असतात? बहुधा असे गृहस्थ, ज्यांची ठेव वाढत गेली, निवृत्तीची रक्कम आली, जमीन विकली, आणि सर्व काही वर्षानुवर्षांच्या ओळखीने एकाच खिडकीत गेले. रक्कम वाढली, की जागाही वाढवावी.

शेतकरी बंधूंनी नोकरदारांची नक्कल करू नये. दरमहा ठरावीक हप्ता हा ज्यास दरमहा पगार आहे, त्याचा मार्ग. ज्याचे सोयाबीन वर्षातून एकदाच आडतीवर जाते, त्याने पट्टी हाती आली त्याच आठवड्यात वर्षाचा वाटा बाजूस काढावा; आणि पाऊस फसलेल्या वर्षी काहीच न काढता वही तशीच मिटावी, त्यात कमीपणा नाही. मात्र पुढील पेरणीचे बी-खत आणि सहा महिन्यांचे धान्य यांस पुरेल इतका पैसा कोणत्याही मोठ्या हेतूच्या आधी असावा. वडिलांच्या माडीने दुष्काळात तारले, कारण ती अद्याप विटांत गुंतलेली नव्हती.

ज्यांची पुंजी भिंतींत गुंतली होती, त्यांचे काय झाले, हे आपण ३० सप्टेंबर १९९३ रोजी पाहिले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. उमरगा-लोहारा भागात, सास्तूरकडे आमचे नातलग होते. तीन पिढ्यांनी दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवद यांतच सर्व घातले होते, आणि त्या भिंतींनीच माणसे नेली. वाचलेल्या एका मुलाच्या वडिलांची पोस्टात ठेव होती. कागद ढिगाऱ्यात गेला, तरी नोंद पोस्टाच्या पुस्तकात सापडली. पण वारस म्हणून नाव होते आजीचे, आणि आजी त्या मुलाच्या जन्मापूर्वीच वारलेली होती. पैसा मिळाला, परंतु तोवर त्या मुलाने किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या, ते आम्ही त्याच्याबरोबर हिंडून पाहिले आहे. वही उघडाल तेव्हा नामनिर्देशनही वाचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीस चार जणांपर्यंत नावे देता येतात. तिकडे एखादे स्वर्गवासी नाव बसलेले असेल, तर त्यास नम्रपणे निरोप द्यावा.

पेन्शनीची गोष्ट पित्यांनी नीट ऐकावी. आम्हांस निवृत्तिवेतन मिळते. आमचे चिरंजीव २०१४ मध्ये सरकारी नोकरीस लागले. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना महाराष्ट्र शासनाने जुनी पेन्शन ठेवली नाही; त्यांच्यासाठी पगारातून वर्गणीची योजना आली. पुढे तिच्यात फेरफार झाले, अजूनही होतील. परंतु आम्ही त्यास आमचाच कित्ता गिरवावयास सांगत होतो: आधी प्लॉट, मग घर, मग मुलांची कार्ये, म्हातारपणाचे सरकार पाहील. त्याचे म्हातारपण पूर्वीसारखे सरकार पाहणार नाही. त्याच्या वहीत ते पान पहिले असावयास हवे, आमच्या वहीत ते नव्हतेच. एकाच घरात, एकाच खात्यात नोकरी करणाऱ्या बाप-लेकांचे हेतू इतके निराळे असू शकतात.

घराविषयीही आम्हांस थोडे कडू बोलावयाचे आहे. मुले पुण्यास स्थायिक झालेली, परत येण्याची वार्ता नाही, आणि वडील निवृत्तीच्या पैशातून गावी पाच खोल्यांचे घर बांधीत आहेत, असे आपल्या ज्ञातीत दरवर्षी घडते. हा संकल्प चाळिसाव्या वर्षी केलेला असतो, तेव्हा मुले अंगणात खेळत होती. साठाव्या वर्षी अंगण रिकामे आहे. दोन खोल्या नीट कराव्यात, जिन्याऐवजी कठडा बसवावा, आणि उरलेले औषधपाण्यास ठेवावे. ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना २००४ पासून आहे, तीत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि व्याज दर तीन महिन्यांनी हाती पडते. आमच्या या मतावर गेल्या वर्षी एका स्नेह्यांनी अबोला धरला. वास्तुशांतीस मात्र त्यांनी बोलाविले, आणि आम्ही गेलो.

आमच्या नातीचा जन्म २०१४ चा. पुढील वर्षी सुकन्या समृद्धी योजना निघाली, तेव्हा कन्येने तिचे खाते उघडले. त्यात मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते, आणि मुदत एकवीस वर्षांची आहे. मागील दिवाळीत आम्ही बार्शीस गेलो असता ते पासबुक सहज हाती आले. वेष्टनाच्या आतल्या बाजूस कन्येने पेन्सिलीने साले लिहिली आहेत, २०३२ आणि २०३६. त्यांपुढे हेतूची जागा तिने कोरी ठेवली आहे. विचारले, तर म्हणाली, "ते तिला लिहू द्या, बाबा."

उद्या सकाळी दहा ते बारा या वेळात याच मंडपाच्या उत्तरेकडील खोलीत आम्ही बसणार आहोत. ज्यांना आपला हिशेब मांडून पाहावयाचा असेल, त्यांनी यावे. पासबुके आणण्याचे कारण नाही, आकडेही कोणास दाखवू नयेत. कोरी वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढेच घेऊन यावे. दांपत्यांनी जोडीने यावे, अशी विनंती आहे. चहाची व्यवस्था महिला मंडळाने केली आहे.